दोघींच्या भाराचा गूळ

"पोरींची गुळाची तुला यंदाच्या जत्रंत उरकायची बघ," आक्का फोनवर म्हणाली आणि माझ्या हातातला भाकरीचा तुकडा आमटीच्या वाटीवर तसाच लटकत राहिला.

फोन स्पीकरवर होता, कारण आक्काशी बोलताना तो कानाला लावायची आमच्या घरात कुणाची हिंमत नाही. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती गावाकडं असते आणि तिथून कराडातलं आमचं घर चालवते.

"कुठली तुला?" बाबांनी विचारलं.

"कुठली म्हंजी? विसरलास? पोरी काविळीनं पिवळ्या पडल्या हुत्या तवा कुणी निनाईला साकडं घातलं? दोघींच्या भाराचा गूळ कबूल केलाय मी देवीला. आता माझं गुडघंबी बरं झालंय. जत्रा पंधरवड्यावर आलीय. या समदी."

फोन ठेवला गेला. आईनं माझ्याकडं पाहिलं. काकूनं केतकीकडं पाहिलं. आणि मग आईनं शांतपणे माझ्या ताटातली उरलेली भाकरी उचलून डब्यात ठेवली.

ही गोष्ट मी आठवीत होते तेव्हाची. आता मी दहावीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत घसा फोडून बोलते, स्नेहसंमेलनात अफजलखान मीच झाले होते (मागून घेतला तो रोल, कुणी ढकलला नाही). पण तेव्हाची मी वेगळी होते. वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत, तीही कुणाच्या तरी आड. भर एप्रिलमध्ये स्वेटर घालून शाळेत जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, मला थंडी वाजते.

तर कावीळ. दुसरीत असताना मी आणि केतकीनं शाळेबाहेर एक बर्फाचा गोळा दोघींत मिळून चोखला आणि दोघी एकदमच आजारी पडलो. केतकी माझी चुलतबहीण. आमचं घर एक, स्वयंपाकघर एक, बाबा आणि काकांचं किराणा दुकानही एकच. आक्कानं तेव्हा नवस बोलला, आम्ही बऱ्या झालो, आणि मग तो फेडायचा राहिलाच. एका वर्षी आजोबा गेले. एका वर्षी पुराचं पाणी देवळाच्या पायऱ्यांना लागलं. मग लॉकडाऊन. मग आक्काचे गुडघे. थोडक्यात, नवस थांबला होता. मी थांबले नव्हते.

केतकी मात्र थांबली होती. उंचीनं नाही हं, उंचीनं ती माझ्या कानाच्या वर गेली होती, पण रुंदीला देवानं तिला दिलंच नव्हतं. वारा सुटला की मी तिला म्हणायचे, दप्तर पाठीला लाव, जाशील उडून. बरं, खायला कमी का? तिच्या चपात्या माझ्याहून जास्त. वर भात. वर झोपताना फरसाण. आणि मी? मी नुसतं फरसाणाचं पाकीट फोडून तिला दिलं तरी माझा स्कर्ट घट्ट व्हायचा.

यावर आळीत प्रत्येकाचं एक मत होतं. समोरच्या गिरणीवाल्या मावशी म्हणायच्या, केतकीला जंत झालेत. शिंपीकाकांचं म्हणणं, शर्वाणीची हाडंच जड. शर्वाणी म्हणजे मी, घरात शरू. हाडं जड हे मला आवडायचं, त्यात माझी काही चूक नसायची.

आता तुला म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. तराजूच्या एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ. पण आमच्या गावच्या जत्रेत त्याला आणखी एक शेपूट आहे. देवळासमोर सोपानतात्या माईक घेऊन बसतात आणि कुणाची तुला, किती किलो भरली, ते भोंग्यावरून साऱ्या शिवाराला ऐकवतात. वर माझ्या वर्गातल्या तिघी-चौघी त्याच गावच्या, रोज एसटीनं कराडला येणाऱ्या. म्हणजे रविवारी जत्रा, आणि सोमवारी प्रार्थनेच्या आत माझा आकडा आमच्या वर्गापासून वरच्या नववी ब पर्यंत पोचलेला.

मी आईला म्हटलं, "मी नाही येणार. मला ताप आहे."

"ताप आहे तर बरंच," आई म्हणाली. "तापानं उतरतं थोडं."

काकूचं दुःख उलट्या टोकाचं होतं. आदल्या वर्षी एका लग्नात कुणीतरी केतकीचा दंड चिमटीत धरून म्हणालं होतं, "नंदाताई, दुकान किराण्याचं आणि पोरीला उपाशी ठेवता होय?" काकू तिथं हसली आणि घरी येऊन मोरीत तोंड धूत रडली. आता साऱ्या गावासमोर केतकीच्या पारड्यासमोर चार भेल्या ठेवल्या की झालं, असं चित्र तिला रोज दिसायला लागलं.

मग दोघी जावांनी मिळून काय करावं? आम्हाला डॉक्टर मणेर मॅडमकडं नेलं. दोघींना एकदमच.

मॅडमनी पोट दाबलं, जीभ बघितली, रक्त तपासायला पाठवलं, आणि दोन दिवसांनी कागद बघून म्हणाल्या, "दोघी ठणठणीत आहेत. काही नाही झालेलं."

"काही नाही कसं?" आई म्हणाली. "एका ताटातलं खातात. मग ही अशी का आणि ती तशी का?"

"हिचं थोडं काढून तिला देता येत नाही का हो?" काकूनं विचारलं. अगदी मनापासून.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्या म्हणाल्या, "तुमच्या दुकानासमोर दोन स्कूटर उभ्या असतात ना? दोन्हीत तेवढंच पेट्रोल घातलं तर सारख्याच लांब जातात का? प्रत्येकीचं इंजिन वेगळं. थोडं आईबापाकडून येतं, थोडं भुकेचं असतं, थोडं हालचालीचं. आता हिच्याकडंच बघा. केतकी, आल्यापासून तुझा पाय हलतोय बाळा. ही बसल्या जागी गावाला जाऊन येते."

केतकीनं पाय धरून ठेवला. मग दुसरा हलायला लागला.

"म्हणजे मी कमी पेट्रोलमध्ये लांब जाते?" मी विचारलं.

"जातेस की."

"म्हणजे मीच चांगली गाडी!"

"गाड्या दोन्ही चांगल्याच," मॅडम म्हणाल्या. "तू खेळायला जा, दोघी नीट जेवा, आणि घरच्यांनी काट्याकडं बघायचं बंद करा."

बाहेर पडल्यावर चप्पल घालता घालता आई म्हणाली, "हिला काही कळत नाही." काकू म्हणाली, "अजिबात." दोघींचं असं एकमत मी त्याआधी फक्त सासूच्या बाबतीत पाहिलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात दोन राज्यं झाली. माझा भात बंद, साखर बंद, सकाळी दुधीचा रस, संध्याकाळी काकडी. पलीकडं केतकीपुढं केळी, खजूर, तुपाचा गोळा घातलेली खिचडी आणि डिंकाचे लाडू. चैत्रात डिंकाचे लाडू! तिसऱ्या दिवशी केतकीचा घोळणा फुटला. नाकाला ओला रुमाल लावून ती उताणी पडली होती, तरी काकू उशाला लाडू घेऊन बसलेली. "अर्धा खा गं राणी. अर्ध्यानं काय होतंय."

संध्याकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमागं केतकीनं कंपासपेटी उघडली. आत दोन लाडू.

"घे. माझ्याच्यानं नाही जात."

"मी नाही खायचे," मी म्हटलं आणि दोन्ही खाल्ले.

"तुझा दुधीचा रस कुठाय?"

"का?"

"दे की. तो प्यायला की आत जरा जागा झाल्यासारखं वाटतं."

मग रोजचंच झालं. केतकीच्या कंपासपेटीत पुढं कधी कंपास दिसला नाही. भूमितीच्या तासाला सर तिला म्हणाले, "वर्तुळ हातानं काढलंस?" ती म्हणाली, "हो सर, लाडू ठेवून."

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी आईनं मला दुकानात नेलं. शटर अर्धं खाली, आत पोत्यांचा काटा. मी चढले. काट्यानं जो आकडा दाखवला तो मी इथं लिहिणार नाही.

आई वाकून बघत राहिली. "काटा बिघडलाय."

"शिक्का आहे त्यावर सरकारी," बाबा गल्ल्यावरून म्हणाले.

तेवढ्यात काकू केतकीला घेऊन आली. केतकी चढली. काटा जिथं आधी थांबायचा तिथंच येऊन थांबला, जणू काही झालंच नाही.

"बिघडलाय," काकूही म्हणाली. पण ती हे म्हणताना काट्याकडं बघत नव्हती. फळीखाली जुनी लोखंडी वजनं पडून होती, नवीन काटा आल्यापासून कुणी हात न लावलेली. ती तिकडं बघत होती.

जत्रेच्या सकाळी आईनं माझ्या पायातली पैंजणं काढली. कानातलं काढलं. मी तेलाची बाटली घेतली तर ती ओरडली, "तेल नको! तेलाला वजन असतं." नाश्त्याला काकडी. आणि केतकी? केतकीला काकूनं स्वतःच्या लग्नातल्या शालूचा परकर-पोलका घातला होता, पायघोळ, जरीचा. ती जीपमध्ये चढायला आली ती गुडघे न वाकवता.

"अशी का चालतेस?" मी विचारलं.

"गप बस," ती दातांवर दात ठेवून म्हणाली.

देवळासमोर तीन जाड बांबूंची तिकाटी उभी केली होती आणि मधोमध तो भलामोठा तराजू, साखळ्यांना टांगलेली दोन पितळी पारडी. एका तान्ह्या बाळाची तुला चालली होती. बाळ रडत होतं, माणसं हसत होती, सोपानतात्या भोंग्यावरून सांगत होते, "बाळाचं वजन सहा किलो! गूळ सहा किलो! बोला निनाई मातेच्या नावानं..."

"चांगभलं!" सगळं पटांगण.

माझ्या वर्गातल्या मुली पुढच्याच रांगेत, आइस्क्रीमच्या काड्या चघळत. एकीनं हात केला. मी स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"आता थोरातांची पोर," तात्या म्हणाले. "केतकी! ये गं बाय."

केतकी हळूहळू, अगदी नवरीसारखी पावलं टाकत गेली आणि पारड्यात मांडी न घालता, पाय पुढं ताठ सोडून बसली. बाबा आणि काका समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा ठेवायला लागले. एक ठेवली. दुसरी ठेवली. आणखी. केतकीचं पारडं जमिनीवरच.

"आगं, बरी भरली की पोरगी," मागून कुणीतरी बाई म्हणाली. "उगाच म्हणत्यात पाप्याचं पितर."

काकूनं डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. दिवा लावल्यासारखा. शेवटची भेली ठेवली, तराजूचा दांडा सरळ झाला, दोन्ही पारडी एका रेषेत आली. तात्यांनी माईक तोंडाशी नेला.

आणि केतकीचा पाय हलायला लागला.

मला दिसत होतं. आधी टाच, मग घोटा, मग गुडघा. परकर थरथरला. आत कुठंतरी टाका उसवला आणि ठण्ण करून दोन किलोचं लोखंडी वजन पारड्यात पडलं, तिथून घरंगळत जमिनीवर, आणि थेट तात्यांच्या पायाशी. त्याच्यामागून दुसरं. त्याच्यामागून एक छोटं, पाव किलोचं असावं. केतकीचं पारडं झोका घ्यावा तसं वर गेलं आणि गूळ धप्पकन खाली बसला.

तात्यांनी वजन उचललं, उलटंपालटं करून बघितलं. माईक चालूच होता. "ह्यो काय परकार म्हणायचा?"

"नंदेऽऽ!" आक्काला माईक लागत नाही. "देवीफुडं काटा मारतीस?"

"काटा कुठं मारला आक्का!" काकू रडकुंडीला आली होती, पण बोलली मात्र ठासून. "काटा मारणारे कमी घालतात. मी तर देवीला जास्तीच गूळ देत होते की!"

"गूळ कबूल केलावता, लोखंड न्हवं!"

पटांगण फुटलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. कुणी म्हणालं, "गूळ नको, त्या पोरीला भाकरी घाला." कुणी म्हणालं, "दुकानातलं माप पोरीच्या अंगात!" केतकी वर लटकलेली, दोन्ही हातांनी साखळी धरून, पाय हवेत. तिला उतरताही येत नव्हतं. पाय मात्र अजून हलत होता. आणि माझ्या शेजारी माझी आई, पदर तोंडाला लावून, हसत होती.

ते हसू दिसलं आणि माझं डोकंच फिरलं.

मी स्वेटर काढून आईच्या हातात दिला. सरळ चालत गेले, केतकीचं पारडं हातानं खाली ओढलं आणि तिच्या शेजारी बसले. पारडं असं आदळलं की तिकाटीवरचा कावळा उडाला.

हशा दुप्पट झाला.

"हसा, हसा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच भोंग्यातून परत ऐकू आला, तात्या माईक घेऊन अगदी जवळ उभे होते. "हसून झालं की गूळ घाला. आक्का, आम्ही एकदम आजारी पडलो, एकदम बऱ्या झालो. एकदमच बसणार."

"आसं कुठं आस्तं व्हय?" आक्का म्हणाली.

"नसलं तर आजपासून असू दे. आणि आई, तू हसू नको! काकूनं वजनं शिवली, तू मला आठवडाभर काकडीवर ठेवलंस. सकाळी तेलसुद्धा लावू दिलं नाहीस, तेलाला वजन असतं म्हणून!"

हेही सगळं भोंग्यावरून गेलं. नदीपलीकडच्या वाडीतसुद्धा ऐकू आलं म्हणे.

आक्कानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा काकूकडं. दोघी जावा एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मग आक्का बाबांकडं वळून म्हणाली, "बघतोस काय? घाल गूळ."

केतकीचा गूळ पारड्यात होताच, बाबांनी त्यावर माझा गूळ घातला. काही हललं नाही. दोघींचा सगळा गूळ संपला, तरी आम्ही जमिनीवरच. कारण माझ्या वाटणीचा गूळ आईनं आशेवर आणला होता.

"आणखी एक!" पोरं ओरडायला लागली. काका जत्रेतल्या गुळाच्या दुकानाकडं पळाले. एक ढेप आली की सारं पटांगण मोठ्यानं "आणखी एक!" गूळ शेवटी वाटायचाच असतो ना, तो जेवढा जास्त तेवढा प्रत्येकाचा वाटा मोठा. माझ्या वर्गातल्या मुली तर उभ्या राहून ओरडत होत्या.

पारड्यात आम्ही दोघी दाटीवाटीनं. केतकीचं कोपर माझ्या बरगडीत.

"तुला लाज नाही वाटत?" तिनं हळूच विचारलं.

"वाटतेय की. तू जरा सरक, माझ्या मांडीवर बसलीयस."

ती सरकली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुझं बरंय. खाल्लेलं अंगाला लागतं, कुणी तुझ्या आईला बोलत नाही."

"आणि मला वाटायचं, तुझं बरंय."

"कसलं बरं गं. भूक लागलीय का, असं मला कुणी विचारतच नाही. नुसतं घालतात."

"मला लागलीय म्हटलं तरी कुणाला पटत नाही."

केतकीनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. आणि आम्हाला असं हसू फुटलं की तराजू डुगडुगायला लागला आणि तात्या खेकसले, "ए पोरींनो, हलू नका, माप चुकतंय!"

शेवटची ढेप ठेवली. पारडं जमिनीवरून सुटलं. आमचे चारही पाय हवेत, दांडा सरळ, समोर गुळाचा केवढा तरी डोंगर. तात्यांनी सगळा गूळ मोजून मोठ्यानं आकडा सांगितला. मग थांबले. माईकवर हात ठेवून आक्काला म्हणाले, "आता ह्यात थोरलीचं किती आन् बारकीचं किती सांगू?"

"ते निनाईला ठावं," आक्का म्हणाली. "तू चांगभलं म्हण."

"चांगभलंऽऽ!"

मग गूळ फोडायला बसले सगळे. देवळाच्या ओट्यावर बायकांची रांग, फटाफट ढेपा फुटतायत, पोरं ओंजळी पुढं करून उभी. आई आणि काकूला आक्कानं शिक्षा म्हणून शेजारी शेजारी बसवलं होतं. दोघी खाली मान घालून गूळ फोडत होत्या, अधूनमधून एकमेकींना कोपरानं ढोसत खुदखुदत होत्या.

मी समोर गेले. आईनं वर पाहिलं नाही. चुरा बाजूला सारून तिनं एक चांगला मुठीएवढा खडा निवडला आणि माझ्या हातावर ठेवला. मग पदरानं डोळे पुसल्यासारखं केलं आणि म्हणाली, "जा, बस सावलीत. आणि सावकाश खा."

काकूनंही एक मोठा खडा उचलला होता. केतकी तो बघून आपोआप तोंड उघडून उभी राहिली, सवयीनं. काकूचा हात मध्येच थांबला. तो खडा तिनं खाली ठेवला.

"हवाय का तुला?" तिनं विचारलं.

केतकीनं तोंड मिटलं. विचार केला. इतका वेळ विचार केला की मागची पोरं ढकलायला लागली. "नको," ती म्हणाली.

"बरं," काकू म्हणाली आणि खडा पुढच्या पोराला दिला.

आम्ही वडाखाली जाऊन बसलो. केतकीनं जड परकर गुडघ्यापर्यंत खोचला, पाय लांब केले. मी खाली मान घालून गूळ चोखत होते. नवा गूळ, काकवीचा वास असलेला, दाताला चिकटणारा. इतक्या दिवसांनी मी गोड उघड्यावर खात होते आणि मला कुणी बघत नव्हतं.

थोड्या वेळानं केतकीनं घसा खाकरला.

"शरू."

"काय?"

"मला ना, आता भूक लागलीय."

"खरंच?"

"खरंच. आतून." तिनं हात पुढं केला. "अर्धा दे की."

मी खड्याकडं पाहिलं. तिच्या हाताकडं पाहिलं. गेल्या आठवडाभराचे सगळे दुधी आणि काकड्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या.

"काकू तिथं बसलीय," मी म्हटलं. "जा, स्वतः माग."

आणि ती उठून, परकर सावरत, पळत गेलीसुद्धा.